पारदर्शक चित्रे आणि जुने ब्राउझर : एका लिखित खुणेचे वाचन

कागदावर छापलेल्या चित्राला पारदर्शकतेचा प्रश्न पडत नाही. जेथे शाई लागते तेथेच रंग उमटतो. उरलेल्या जागी कागद आपल्या मूळ वर्णाने दिसत राहतो. तेच चित्र पिवळ्या कागदावर छापले तरी त्याभोवती पांढरी चौकट उमटत नाही. संगणकाच्या पडद्यावरील चित्राची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रत्येक चित्र हा वस्तुतः पिक्सेलांचा एक आयत असतो आणि त्या आयतातील प्रत्येक पिक्सेलला कोणता ना कोणता रंग द्यावाच लागतो. ‘येथे काही नाही’ हे सांगण्याची सोय त्या आयतात स्वभावतः नाही. त्यासाठी एक जादा खूण लिहावी लागते. ही खूण फाइलमध्ये लिहिली जाते आणि तिचा अर्थ लावण्याचे काम ब्राउझरकडे असते. म्हणून पारदर्शकता हा चित्राच्या अंगचा गुण नसून चित्र लिहिणारा आणि ते वाचणारा यांच्यामधील एक संकेत होय, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. एकच चित्र एका ब्राउझरमध्ये स्वच्छ आणि दुसऱ्यात राखाडी चौकटीत का दिसे, याचा उलगडा या दृष्टीने पाहिल्यास पुष्कळच सुकर होतो.

या संकेताचे पहिले सर्वपरिचित रूप ‘गिफ’ प्रकारच्या फाइलमध्ये आढळते. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने हा प्रकार १९८७ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९८९ च्या सुधारित आवृत्तीत त्यात पारदर्शकतेची सोय घातली. गिफच्या रंगसूचीत अधिकात अधिक २५६ रंग असतात; त्यांपैकी एका क्रमांकाविषयी ‘हा रंग दाखवू नये’ असे सांगता येते. म्हणजे पिक्सेल एक तर पूर्ण दिसणार, नाही तर मुळीच दिसणार नाही. मधली अवस्था नाही.

सरळ कडांच्या आकृत्यांना ही द्विमूल्य व्यवस्था पुरते. अक्षरांना पुरत नाही. अक्षराचे वळण पडद्यावर गुळगुळीत भासावे म्हणून त्याच्या कडेचे पिक्सेल अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग यांच्या मिश्रणाने रंगवावे लागतात. काळ्या छटेस ० आणि पांढऱ्या छटेस २५५ हे अंक दिले, तर ज्या पिक्सेलचा अर्धा भाग काळ्या अक्षराने व्यापला आहे त्याला पांढऱ्या पानावर सुमारे १२८ ही करडी छटा मिळते. पांढऱ्या पानावर हे योग्यच आहे. परंतु तेच चित्र १६० छटेच्या करड्या पट्टीवर ठेवले की तेथे हवा असतो ८० आणि फाइलमध्ये लिहिलेला असतो १२८. हा आधिक्याचा फरक अक्षराच्या संपूर्ण वळणावर पसरतो आणि अक्षराभोवती फिकट किनार दिसू लागते. चित्र ज्या पार्श्वभूमीसाठी घडवले तिची आठवण ते अशा रीतीने सोबत बाळगते.

देवनागरीच्या बाबतीत हा दोष लवकर नजरेत भरतो. शिरोरेषा आडवी आणि सरळ असल्यामुळे तिच्यावर किनार सहसा येत नाही. परंतु तिच्याखालच्या ‘ळ’, ‘क्ष’, ‘ह’ यांच्या वळणांवर ती येते, आणि एकाच शब्दाचा माथा रेखीव तर पोट धुरकट दिसते. विंडोज प्रणालीत युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. विंडोज ९८ चालवणाऱ्या यंत्रांवर ती नव्हती. त्यामुळे त्या काळातील मराठी पानांवर शीर्षके, विभागांची नावे, क्वचित् संपूर्ण मजकूरही चित्ररूपाने ठेवण्याखेरीज खात्रीचा उपाय नसे. इंग्रजी पानावर पारदर्शक चित्र हा बहुधा सजावटीचा भाग होता. मराठी पानावर ते चित्र हाच मजकूर असे. प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे.

मधल्या अवस्थेची नोंद करण्याची कल्पना संगणक-चित्रणाच्या क्षेत्रात गिफच्या पूर्वीच सिद्ध झालेली होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी प्रत्येक पिक्सेलच्या तीन रंगमूल्यांना चौथे मूल्य जोडले व त्यास ‘अल्फा’ हे नाव दिले. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये या मूल्यांवर आधारलेले चित्रमिश्रणाचे गणित सुव्यवस्थित मांडले. त्यातील मूळ सूत्र साधे आहे. चित्राच्या रंगास अल्फाने गुणावे, पार्श्वभूमीच्या रंगास अल्फा एकातून वजा करून उरणाऱ्या अंकाने गुणावे, आणि दोहोंची बेरीज घ्यावी. वरील उदाहरणात काळ्या अक्षराच्या कडेस ‘रंग ०, अल्फा अर्धा’ एवढेच लिहिले जाईल. पांढऱ्या पानावर त्याचे १२८ होतील, १६० च्या पट्टीवर ८० होतील. पार्श्वभूमी फाइलमध्ये लिहिलेलीच नाही. ती वाचनाच्या वेळी, वाचणाऱ्याने, समोरच्या पानावरून घ्यावयाची आहे.

ही कल्पना वेबवरील चित्रांत आली ती मात्र एका कायदेशीर तंट्याच्या निमित्ताने. गिफमध्ये वापरलेल्या संकोचन-पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते, आणि डिसेंबर १९९४ च्या अखेरीस त्यापोटी शुल्क मागण्यात येईल असे जाहीर झाले. लगेच, जानेवारी १९९५ मध्ये, थॉमस बूटेल यांनी पेटंटमुक्त पर्यायाचा पहिला आराखडा मांडला. त्याचे पुढे ‘पीएनजी’ हे नाव रूढ झाले आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्यास आपली शिफारस म्हणून मान्यता दिली. पेटंटच्या निमित्ताने जन्मलेल्या या प्रकाराला त्याच्या कर्त्यांनी पूर्ण अल्फाही दिला. पिक्सेलमागे ० पासून २५५ पर्यंतचे, किंवा त्याहूनही सूक्ष्म, पारदर्शकतेचे मूल्य त्यात लिहिता येते.

येथे पीएनजीच्या लेखनपद्धतीतील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. अल्फा शून्य असलेला, म्हणजे अजिबात न दिसणारा पिक्सेलदेखील आपली तीन रंगमूल्ये बाळगून असतो. रंग लिहिलेला आहे, पण तो वाचावयाचा नाही. मराठीच्या अभ्यासकास हा प्रकार अपरिचित वाटू नये. ‘घर’ या शब्दाच्या अखेरच्या ‘र’ मध्ये लिपीच्या नियमानुसार ‘अ’ आहे. परंतु मराठी बोलणारा तो उच्चारीत नाही. ‘मुलगा’ लिहिले जाते आणि ‘मुल्गा’ म्हटले जाते. हा ‘अ’ गाळण्याचा नियम अक्षरांत कोठेही लिहिलेला नसतो. तो वाचकापाशी असतो. तोच ‘राम’ शब्द संस्कृत श्लोकात अकारान्त आणि मराठी वाक्यात व्यंजनान्त वाचला जातो, ते याचमुळे. ज्यास देवनागरी अवगत आहे पण मराठीचा हा नियम ठाऊक नाही, तो वाचक अडत नाही. तो धीटपणे ‘घर’ मधील शेवटचा ‘अ’ उच्चारतो. पीएनजीतील लपलेल्या रंगाचेही असेच आहे, फरक इतकाच की तेथे गाळण्याची सूचना चौथ्या मूल्याच्या रूपाने लिहिलेली असते. पीएनजीच्या कर्त्यांना अशा वाचकाची कल्पना होती. वाचणारा कार्यक्रम पारदर्शकतेची खूण दुर्लक्षील ही शक्यता लक्षात ठेवावी, आणि म्हणून न दिसणाऱ्या पिक्सेलांनाही शक्य तेथे पार्श्वभूमीस शोभेल असाच रंग द्यावा, असा सल्ला मूळ विनिर्देशातच चित्र लिहिणाऱ्यांना दिलेला आहे. पुढील दहा वर्षांत जे घडले त्याची ही जणू पूर्वसूचना होती, आणि ती फारच थोड्यांनी मनावर घेतली.

१९९७ मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर हे दोन्ही प्रमुख ब्राउझर पीएनजी चित्रे दाखवू लागले. पण ती दाखवणे आणि त्यांचा अल्फा मानणे या दोन पृथक् गोष्टी होत्या. २००० मध्ये मॅकिंटॉशसाठी निघालेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने पूर्ण अल्फा मानला. मोझिलावर आधारलेला नेटस्केप ६ हाही त्याच वर्षीचा. परंतु ऑगस्ट २००१ मध्ये विंडोजसाठी आलेला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी पोहोचलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ मात्र अल्फायुक्त पीएनजीच्या पारदर्शक भागाच्या जागी राखाडी पट दाखवीत असे. एकाच कंपनीच्या मॅक-आवृत्तीस जे साधले ते तिच्या विंडोज-आवृत्तीस साधले नव्हते, आणि वाचकसंख्या होती ती विंडोज-आवृत्तीची. पुढील आवृत्ती, म्हणजे सातवी, ऑक्टोबर २००६ मध्ये आली. मधली पाच वर्षे, आणि ज्या कचेऱ्यांतील यंत्रांवर सहावी आवृत्ती नंतरही तशीच राहिली तेथे त्याहून पुष्कळ अधिक काळ, हा प्रश्न जिवंत होता. मार्च २०११ मध्ये स्वतः मायक्रोसॉफ्टनेच सहावी आवृत्ती सोडून द्या, असे आवाहन करणारी मोहीम उघडली, यावरून तिच्या चिवटपणाची कल्पना येते.

अडचण नेमकी कोणती होती हे नीट पाहिले पाहिजे, कारण तिचे निदान बहुधा चुकीचे केले जाते. ज्या ब्राउझरला पीएनजी मुळीच वाचता येत नाही त्याच्यासाठी मार्ग सोपा होता : तो चित्राऐवजी लेखकाने दिलेला पर्यायी मजकूर दाखवी, आणि वाचकास आशय तरी मिळे. सहाव्या आवृत्तीस पीएनजी वाचता येत होते. त्यामुळे ‘हे मला वाचता आले नाही’ असे ती कधीच कळवीत नसे, आणि पर्यायी मजकुराची पाळीच येत नसे. निरक्षरापेक्षा अर्धवट वाचकाशी व्यवहार करणे कठीण, त्यातला हा प्रकार. म्हणून जे उपाय पुढे आले त्यांत त्या वाचकाला निराळे ओळखण्याचा, अथवा त्याचे अर्धवट वाचन गृहीत धरण्याचा, असा कोणता तरी एक मार्ग धरलेला आढळतो.

पहिला मार्ग म्हणजे त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलणे. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ५.५ या आवृत्तीपासून ‘अल्फा इमेज लोडर’ नावाची एक गाळणी उपलब्ध होती. तीच पीएनजी फाइल चित्र म्हणून न देता या गाळणीमार्फत दिली, तर तोच ब्राउझर अल्फा अचूक मानीत असे! गणित त्या यंत्रात होते. नेहमीच्या चित्रवाचनाशी ते जोडलेले मात्र नव्हते. तेव्हा पानाचे कर्ते मूळ चित्राच्या जागी एक पूर्ण पारदर्शक, एका पिक्सेलचे गिफ ठेवीत आणि त्याच्या मागे गाळणीतून खरे चित्र उभे करीत. हे सर्व फक्त सहाव्या वा तिच्या आधीच्या आवृत्तीनेच वाचावे यासाठी ‘सशर्त टिप्पणी’ वापरीत. ही टिप्पणी इतर ब्राउझर टीप समजून सोडून देत आणि इंटरनेट एक्सप्लोरर आज्ञा समजून वाची.

या उपायाची किंमत मोठी होती. गाळणीतील चित्र एक तर मूळ आकारात ठेवता येई किंवा जागेस पुरेल असे ताणता येई. भिंतीवरील नक्षीप्रमाणे त्याची पुनरावृत्ती करता येत नसे आणि पार्श्वभूमीवर ते हवे तेथे सरकवताही येत नसे. गाळणी लावलेल्या भागातील दुव्यांवर टिचकी मारली तरी कित्येकदा काहीच होत नसे. ते पुन्हा जिवंत करण्यास त्यांचे स्थाननियोजन वेगळे लिहावे लागे. चित्राचा पत्ताही शैलीपत्रकाच्या जागेवरून न मोजता मूळ पानाच्या जागेवरून मोजला जाई, आणि या एका विसंगतीपायी अनेक पाने, लेखन सर्वस्वी शुद्ध असूनही, चित्राविना राहत. शिवाय गाळणी ही चित्राला नव्हे तर पानावरील प्रत्येक घटकाला लागते. एकच चित्र वीस ठिकाणी आले की तिचा भार वीस वेळा पडे, आणि चित्र उतरून येईपर्यंत पानाचे रेखन खोळंबे. पानांच्या वेगासंबंधी याहू कंपनीने जे नियम प्रसिद्ध केले त्यांत गाळण्या टाळाव्यात हा स्वतंत्र नियमच आहे. पुढे व्हीएमएल या रेखन-भाषेच्या साहाय्याने पुनरावृत्ती आणि सरकवणे या दोन उणिवा दूर करणाऱ्या लिप्याही निघाल्या. पण त्यांचे तत्त्व तेच : एका वाचकासाठी वेगळा मजकूर.

दुसऱ्या मार्गाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः तो अधिक विचारपूर्वक शोधलेला होता. पीएनजीत रंगसूचीचाही एक प्रकार आहे, गिफसारखाच, २५६ नोंदींचा. मात्र त्यातील प्रत्येक नोंदीस स्वतःचे अल्फा-मूल्य देता येते. नवे ब्राउझर हे मूल्य यथास्थित मानतात. सहावी आवृत्ती त्यातील अर्धपारदर्शक नोंदी पूर्ण पारदर्शक समजते. परंतु राखाडी पट दाखवीत नाही. म्हणजे एकच फाइल, एकच मजकूर, आणि त्याची दोन वाचने : जाणकार वाचकास मऊ कडांचे अक्षर, अर्धवट वाचकास तेच अक्षर गिफसारख्या कातरलेल्या कडांचे. दोन्ही वाचने स्वीकारार्ह. एकरंगी शीर्षकाला तर या प्रकारात काहीच गमवावे लागत नाही, कारण काळ्या अक्षराला लागणाऱ्या सर्व नोंदी एकाच रंगाच्या, केवळ निरनिराळ्या अल्फाच्या असतात, आणि त्या २५६ मध्ये सहज मावतात. हा उपाय मागे का पडला याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. सर्वांत प्रचलित असलेल्या फोटोशॉपला अशी फाइल लिहिता येत नव्हती. ती फायरवर्क्समधून किंवा ‘पीएनजीक्वांट’ सारख्या छोट्या उपकरणातून काढावी लागे.

मराठी शीर्षकासाठी मात्र एक सावधगिरी अवश्य होती. लहान आकारात अनुस्वाराचा ठिपका तीन-चार पिक्सेलांचाच असतो, आणि ते सर्वच कडेचे, म्हणजे अर्धपारदर्शक असू शकतात. सहाव्या आवृत्तीने अर्धपारदर्शक ते सर्व गाळले की अक्षर थोडे बारीक होते, पण अनुस्वार समूळ नाहीसा होतो. ‘वंश’ चा ‘वश’ आणि ‘रंग’ चा ‘रग’ होतो. रोमन लिपीत ‘आय’ या अक्षरावरील बिंदू गेला तरी शब्द ओळखू येतो. येथे शब्दच बदलतो. रफार आणि नुक्त्याचीही स्थिती फारशी वेगळी नाही. म्हणून अशा चित्रात ठिपक्याच्या मध्यभागाचे एक-दोन पिक्सेल पूर्ण अपारदर्शक आहेत ना, हे डोळ्यांनी तपासून घ्यावे लागे. कोणतेही उपकरण हे आपण होऊन करीत नाही, कारण उपकरणाच्या दृष्टीने ठिपका आणि ‘ळ’ चे वळण यांत भेद नाही.

ज्यांना पूर्ण रंगांचे पीएनजीच ठेवणे भाग होते त्यांच्यासाठी आणखी एक तडजोड होती. पीएनजीच्या फाइलमध्ये ‘इष्ट पार्श्वभूमी’ नोंदवण्याचा एक ऐच्छिक खंड असतो. सहावी आवृत्ती तो वाचून राखाडीऐवजी तो रंग दाखवी. पानाचा रंग एकच असेल तर दोष झाकला जाई. येथेच दुसरा एक धोका संभवे. पीएनजीत गॅमा-मूल्याचीही नोंद असते आणि तिचे पालन निरनिराळे ब्राउझर निरनिराळ्या रीतीने करीत. त्यामुळे चित्रातील रंग आणि पानाचा रंग आकड्यांनी एक असूनही पडद्यावर जुळत नसत. गॅमाची नोंदच काढून टाकणे हा त्यावरील रूढ इलाज होता.

सातव्या आवृत्तीने अल्फा मानला, तरी सातव्या आणि आठव्या आवृत्तीत अशा चित्राची अपारदर्शकता वेगळ्या गाळणीने कमी केली की त्याच्या मऊ कडा काळ्या पडत. चित्र हळूहळू उमटवण्याची हौस असलेल्या पानांवर हा दोष वारंवार दिसे. दहाव्या आवृत्तीने, २०१२ मध्ये, प्रमाण-पद्धतीच्या पानांसाठी जुन्या गाळण्या आणि सशर्त टिप्पण्या या दोहोंचाही त्याग केला. एका वाचकासाठी घडवलेली बोली त्या वाचकाबरोबर मोडीत निघाली. रंगसूचीची पीएनजी मात्र आजही प्रत्येक ब्राउझरमध्ये जशीच्या तशी वाचली जाते. जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररचाच आधार काढून घेण्यात आला.

यानंतरही हा विषय सर्वस्वी इतिहासजमा झाला असे नाही, कारण त्या काळातील पाने आता अभ्यासाची साधने होऊ लागली आहेत. इंटरनेट अर्काइव्हमध्ये जतन झालेले २००३ किंवा २००४ मधील एखादे मराठी पान आज उघडले, तर त्यातील अल्फायुक्त पीएनजी शीर्षक निर्दोष दिसते. कर्त्याच्या मनात जे होते ते आजच्या ब्राउझरने दाखवले; तत्कालीन बहुसंख्य वाचकांनी जे पाहिले ते नव्हे. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगावयाचे तर जतन झाली ती संहिता, वाचन नव्हे. उलट गिफमधील शीर्षकाभोवतीची फिकट किनार आजही तशीच उमटते, आणि ती त्या काळच्या वाचकासही तशीच दिसली असणार. त्या वाचकाच्या अनुभवाविषयी विधान करावयाचे तर पान जुन्या प्रणालीच्या प्रतिरूपात, सहाव्या आवृत्तीतच उघडून पाहावे लागते.

तशी सोय नसेल तेथे पानाची मूळ संहिता वाचणे हा दुसरा उपाय होय. तिच्यात सशर्त टिप्पण्या, एका पिक्सेलचे रिकामे गिफ, अल्फा इमेज लोडरचा उल्लेख सापडला, तर त्या पानाच्या कर्त्यास आपला वाचक कोठे चुकणार हे ठाऊक होते असे निश्चित म्हणता येते. हस्तलिखिताच्या समासात लेखनिकाने कठीण शब्दावर टीप घालावी तसाच हा पुरावा आहे. आणि जेथे यांपैकी काहीच नाही, पण शीर्षके पूर्ण रंगांच्या पीएनजीत आहेत, तेथे त्या काळी ती बहुतेक वाचकांना राखाडी पटावर दिसली, हे गृहीत धरूनच पुढील विवेचन करणे प्राप्त आहे.